ॲनोरेक्सियातून बरं झाल्यावरही मेंदूतली रसायनं वेगळीच राहतात का?

ताळेबंद:
प्रश्न सरळ विचारते. ॲनोरेक्सियातून, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत नेणाऱ्या आजारातून, पूर्ण बऱ्या झालेल्या बायकांच्या मेंदूतली सेरोटोनिन आणि डोपामाइन ही निरोप पोचवणारी रसायनं इतरांपेक्षा वेगळी सापडतात, असं वाचनात आलं. हे आजारानं करून ठेवलंय, की मुळातच तसं होतं? आणि मुळातलं असेल तर ते लेकीकडे जातं का?

माझ्याबद्दल थोडं. वय ३८, सांगलीत सीए आहे, कामाचा मोठा भाग ऑडिट. बारावीनंतर पुण्याला हॉस्टेलवर गेले आणि तिथे आजार सुरू झाला. किती खायचे, किती वजन उरलं होतं, ते लिहिणार नाही. आजारी मुली असले आकडे शोधून स्वतःशी ताडून पाहतात, मीही पाहायचे. पाळी बंद झाली, मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे, एवढ्यावर समजून घ्या. घरच्यांनी आधी टीबी तपासला, मग थायरॉइड, मग मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आजाराचं नाव सांगितलं आणि आईला म्हणाल्या, 'हिचं औषध जेवण आहे, आणि ते तुम्ही द्यायचंय.' आईनं शाळेतून बिनपगारी रजा टाकली. मी ताटावर रडत बसायचे आणि ती समोरून हलायची नाही.

आता जेवते. लग्नाच्या पंगतीत जिलेबी घेते. घरात वजनकाटा नाही. डॉक्टरांच्या लेखी मी केव्हाच बरी आहे.

पण दोन गोष्टी गेलेल्या नाहीत. भूक मला पोटातून कळत नाही, घड्याळात कळते. एक वाजला की डबा उघडायचा. काम अडकलं आणि चार वाजले तर हात थरथरायला लागतात, तेव्हा लक्षात येतं की जेवण राहिलं. दुसरी गोष्ट आनंदाची. गेल्या वर्षी फर्ममध्ये पार्टनर झाले. नवऱ्यानं पेढे आणले, मी एक खाल्ला, आणि डोक्यात पहिला विचार काय, तर आता सही आपली, चूक निघाली तर नाव आपलं. त्याआधी एक मोठं काम हातचं गेलं होतं. तेव्हाही आत अगदी हेच झालं होतं. मिळालं काय, गेलं काय, धसका तोच.

लेक तिसरीत आहे. सुलेखनाच्या वहीत एक अक्षर रेघेबाहेर गेलं की पान फाडते. परवा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, 'अगदी आईवर गेलीय हो.' त्या रात्री मला झोप आली नाही.

'सकारात्मक राहा' कृपया लिहू नका. अभ्यास माहीत असतील तर सांगा.

जुनी_सायकल:
आमच्या वेळी हे आजार ऐकलेसुद्धा नव्हते. समोर येईल ते खायचं, नाहीतर पाठीत धपाटा. हे सगळं इंटरनेटमुळे आलंय असं माझं प्रामाणिक मत.

चुंबकसूची:
@जुनी_सायकल काका, १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग, दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. त्याच्याही आधी, १६८९ मध्ये, रिचर्ड मॉर्टननं अशा रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय. तेव्हा कुठलं इंटरनेट? असो.

ताळेबंद, मी इकडे अमेरिकेत एमआरआयवर काम करते. डॉक्टर नाही, आणि खाण्याचे आजार हा माझा विषयही नाही. शेजारच्या गटाचा आहे. पण दर आठवड्याला आम्ही सगळे मिळून पेपर सोलतो, त्यात हे बरेच येऊन गेलेत. सावकाश वाचा, लांब होणार आहे.

मुळात बऱ्या झालेल्यांनाच का तपासतात? आजारपणात मेंदू तपासला तर दिसतं ते आजाराचं की उपासमारीचं, हे वेगळं काढता येत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ॲन्सेल कीज या संशोधकांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. लढाईला नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले पुरुष होते ते. हळूहळू ती माणसं पाककृतींची पुस्तकं चाळायला लागली, एकेक जेवण खूप वेळ रेंगाळत जेवायला लागली, चिडकी आणि एकलकोंडी झाली. त्यांच्यापैकी कुणालाही ॲनोरेक्सिया नव्हता. म्हणजे उपाशी मेंदू कुणाचाही असला तरी विचित्र वागतो.

म्हणून वॉल्टर केय या मानसोपचारतज्ज्ञांनी, आधी पिट्सबर्गला आणि नंतर सॅन डिएगोला, बऱ्या झालेल्या बायका निवडल्या. त्यांच्या गटाच्या बहुतेक अभ्यासांत अटी अशा: वजन जागेवर, पाळी नियमित, किमान वर्षभर कुठलंही लक्षण नाही, मेंदूवर चालणारी गोळी चालू नाही. तुम्ही त्यात सहज बसला असता.

१९९१ मध्ये त्यांनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तेच मेंदूभोवतीही असतं. सेरोटोनिन वापरून झालं की त्याचा एक शेष त्या पाण्यात उतरतो. आजारी असताना तो कमी असतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून बनतं आणि ट्रिप्टोफॅन शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते जेवणातूनच यावं लागतं. वजन भरून बराच काळ गेल्यावर हा शेष इतरांच्या बरोबरीला यायला हवा होता. तो बरोबरीच्या वर गेलेला सापडला. १९९८ मध्ये बुलिमियातून, म्हणजे भराभर खूप खाऊन मग ते उलटी वगैरे करून काढण्याच्या आजारातून, बऱ्या झालेल्यांतही तेच दिसलं. पुढे पेट स्कॅन आले, ज्यात मेंदूतल्या रसायनांचे ठिकाण दिसतात. २००२ मध्ये गिडो फ्रँक आणि मंडळींना बऱ्या झालेल्या बायकांत सेरोटोनिनच्या २ए रिसेप्टरची, म्हणजे सेरोटोनिन जिथे चिकटून काम करतं त्या जागेची, बांधणी (स्कॅनमधलं खुणेचं रसायन तिथे किती चिकटतं ते) कमी दिसली. २००५ मध्ये उर्सुला बेलर यांना १ए रिसेप्टरची बांधणी वाढलेली दिसली, पण ती ॲनोरेक्सियासोबत बुलिमियाची लक्षणं असलेल्या गटात. थोडक्यात, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फरक सापडतो, आणि एकाच ठिकाणी नाही.

आता तुमचा पेढा. २००७ मध्ये अँजेला वॅगनर यांनी एमआरआयमध्ये पैशांचा एक साधा खेळ लावला. अंदाज बरोबर आला तर पैसे मिळतात, चुकला तर जातात. इतर बायकांच्या मेंदूत बक्षिसाची दखल घेणारा जो भाग आहे, व्हेंट्रल स्ट्रायटम, तो जिंकल्यावर वेगळा आणि हरल्यावर वेगळा वागला. ॲनोरेक्सियातून बऱ्या झालेल्यांत मात्र दोन्ही वेळा जवळपास सारखाच. उलट त्यांचा कॉडेट नावाचा भाग, जो 'यातून पुढे काय होईल' याची जुळवाजुळव करतो, तो जास्त चालला. आणि जिचा स्वभाव जास्त काळजीखोर, तिचा तो भाग तेवढा जास्त. 'मिळालं काय, गेलं काय, धसका तोच' हे तुमचं वाक्य वाचताना मला तो आलेखच डोळ्यांसमोर दिसला.

डोपामाइनचंही असंच काहीतरी आहे. २००५ मध्ये फ्रँक यांना स्ट्रायटमच्या पुढच्या-खालच्या भागात डी२ आणि डी३ रिसेप्टरची बांधणी वाढलेली आढळली. २०१२ मध्ये बेलर यांनी दोन्ही गटांना ॲम्फेटामिन दिलं, ज्यानं मेंदूत डोपामाइन सुटतं. इतर बायकांत डोपामाइन जितकं सुटलं तितकं त्यांना छान वाटलं. बऱ्या झालेल्यांत त्याची सांगड अस्वस्थतेशी लागली. ज्या रसायनानं बाकीच्यांना मजा येते, त्यानंच यांच्या पोटात गोळा येतो.

भुकेचंही एक आहे. २००८ मध्ये जिभेवर साखरेचं पाणी सोडून पाहिलं. चव आणि शरीराच्या आतल्या खबरा पोचवणारा इन्सुला हा भाग बऱ्या झालेल्यांत मंद होता. इतरांत 'किती गोड लागलं, किती आवडलं' आणि इन्सुलाची हालचाल यांचा मेळ बसत होता, यांच्यात तो नव्हता. तेव्हा घड्याळ बघून जेवता याची लाज बाळगू नका. आतली घंटा हळू वाजते, तुम्ही बाहेरची लावून घेतलीत.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, आधीचं की नंतरचं. या अभ्यासांतून त्याचं उत्तर मिळत नाही. आजार होऊन गेल्यावर तपासलेला मेंदू आधी कसा होता हे सांगू शकत नाही. त्यासाठी हजारो मुलींना लहानपणापासून तपासत राहावं लागेल. त्यातून हे गट बारके, बरेचसे दहा ते वीस बायकांचे. तरी बाजूचा पुरावा आहे. २००४ मध्ये केय यांच्याच गटानं खाण्याचा आजार झालेल्या ६७२ जणांची माहिती पाहिली. दोन-तृतीयांशांना आयुष्यात कधी ना कधी चिंतेचा विकार होता, आणि बहुतेकांत तो बालपणी, खाण्याच्या आजाराच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. माझं मत विचाराल तर स्वभाव आधीचा, आजार त्याच्यावर बसला, आणि उपासमारीनं काही खुणा मागे ठेवल्या असाव्यात. कुठली खूण कशाची, हे आज कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मंदार_क:
सेरोटोनिन वाढवायला केळी, दूध आणि अक्रोड. रोज सकाळी. ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूलही ऑनलाइन मिळतात, माझा मित्र घेतो.

चुंबकसूची:
मंदार, वर काय लिहिलं? वाढलेलं सापडलं!

रानजाई:
अगं ताळेबंद, तुझं लिहिलेलं वाचून डोळे भरले. मी बुलिमियावाली. मुंबईत लोकलच्या गर्दीत, ऑफिसात, घरात, कुठेही कुणाला पत्ता लागला नाही. वजन बरोबर असायचं ना, मग कोण विचारणार? तुझ्या आईसारखी आई समोर बसलेली मला हवी होती, पण सांगितलंच नाही तर ती बसणार कशी.

माझ्या डॉक्टरांनी मला एक अभ्यास सांगितला होता, तो मी विसरले नाही. ऑक्सफर्ड, १९९९. बुलिमियातून बऱ्या झालेल्या दहा बायकांना एक दिवस असं मिश्रण दिलं की ज्यात ट्रिप्टोफॅनच नव्हतं. दुसऱ्या एका दिवशी ते असलेलं दिलं. कुठल्या दिवशी काय, हे ना बायकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. ट्रिप्टोफॅन नसलेल्या दिवशी काही तासांत त्यांचा मूड उतरला, अंगाबद्दलची घृणा वर आली, खाण्यावरचा ताबा सुटेल असं वाटायला लागलं. निरोगी बायकांत फारसा फरक नाही. मला हे ऐकून घाबरायला हवं होतं. उलट हायसं वाटलं. डाएट करून माझं बिनसतं ते मी ढिली आहे म्हणून नव्हे, हे पहिल्यांदा कुणीतरी मोजून दाखवलं होतं. तेव्हापासून ऑफिसच्या 'डिटॉक्स चॅलेंज'मधून मी हसत बाहेर. कुणी कारण विचारलं तर पित्ताचा त्रास सांगते. एचआरला माझं सेरोटोनिन कशाला कळायला हवं!

मला फ्लूओक्सेटिनचा, नैराश्यावर देतात त्या गोळीचा, उपयोग झाला. बुलिमियासाठी त्याला अमेरिकेत रीतसर मान्यता आहे, आणि डोस नैराश्याला देतात त्यापेक्षा मोठा लागतो. तुला कधी दिलं होतं का गं?

ताळेबंद:
@चुंबकसूची, तीनदा वाचलं. कॉडेटवाला परिच्छेद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. तो म्हणाला, 'म्हणजे पेढ्यांचा दोष नव्हता.'

@रानजाई, दिलं होतं. तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं आणि गोळीनं काही हललं नाही. आईला वाटलं पैसे पाण्यात.

एक अजून विचारायचंय आणि ते विचारताना भीती वाटते, कारण त्याचा उलटा अर्थ निघू शकतो. तुझ्या त्या अभ्यासात ट्रिप्टोफॅन काढलं की बायका बिघडल्या. माझं आजारपणात उलट व्हायचं. न खाल्लं की डोकं शांत. परीक्षेची, हॉस्टेलची, सगळी कालवाकालव थांबायची. लोकांना वाटतं आम्हाला बारीक व्हायचं होतं. मला तर गप्प व्हायचं होतं. हे वेडेपण माझंच होतं की याचंही काही आहे?

चुंबकसूची:
याचंही आहे. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, पण शेवटपर्यंत वाचा.

२००३ मध्ये केय यांनी तोच ट्रिप्टोफॅन काढण्याचा प्रयोग ॲनोरेक्सियात केला. आजारी आणि बऱ्या झालेल्या, दोघींतही अस्वस्थता कमी झाली. बुलिमियाच्या बरोबर उलट. त्यावरून त्यांचा तर्क असा की या मुलींच्या मेंदूत सेरोटोनिनचा जोर मुळात जास्त असावा आणि तो चिंतेच्या रूपात जाणवत असावा. न खाल्लं की कच्चा माल कमी पडतो, जोर उतरतो, बरं वाटतं. पण मेंदू गप्प बसत नाही. कमी सेरोटोनिनवर भागवायला तो रिसेप्टर जास्त संवेदनशील करतो. मग दोन घास खाल्ले तरी चिंता आधीपेक्षा मोठी होऊन येते, आणि ती घालवायला आणखी कमी खाणं आलं. सापळा लावतो तो हाच. शांतता उसनी असते आणि व्याज शरीरातून जातं, हाडांतून, हृदयातून. हा तर्कच आहे, सगळ्या टप्प्यांचा पुरावा जोडलेला नाही. पण जेवायला सुरुवात केल्यावर पहिले काही महिने सगळ्यात वाईट का जातात, ते यातून पटतं. तुमचं ताटावरचं रडणं नाटक नव्हतं.

गोळी का चालली नाही, त्याचंही उत्तर याच कच्च्या मालात शोधतात. फ्लूओक्सेटिन असलेलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकवतं, पण मुळात बनतच नसेल तर टिकवणार काय? एवढ्यानंही भागत नाही म्हणा. २००६ मध्ये न्यूयॉर्क आणि टोरांटोत वजन भरून आलेल्या ९३ जणींना वर्षभर फ्लूओक्सेटिन किंवा साखरेची गोळी देऊन पाहिली, आजार परत येण्यात फरक पडला नाही. तुमच्या आईला सांगा, पैसे पाण्यात गेले ते त्यांच्या ताटानं भरून काढले.

वरणफळ:
मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ आहे. धागा उशिरा पाहिला.

आधी मंदार यांच्यासाठी. ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मनानं घेऊ नका. फ्लूओक्सेटिनसारखी गोळी चालू असताना तर अजिबात नाही. सेरोटोनिन एकदम चढून ताप, थरथर, हृदयाचे ठोके वाढणं असा प्रकार होतो आणि माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं. केळी खुशाल खा. पण केळ्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही.

ताळेबंद ताई, लेकीबद्दल. २०१९ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास आला, १६,९९२ ॲनोरेक्सियाचे रुग्ण. जनुकसंचात आठ ठिकाणं सापडली, आणि नातं निघालं ते नुसतं चिंता आणि ओसीडीशी (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) नाही, तर साखर-चरबीच्या चयापचयाशीसुद्धा. म्हणजे थोडं अंगात येतं हे खरं. पण ते सगळे युरोपीय वंशाचे लोक, आणि आठ ठिकाणं म्हणजे आठ बटणं नव्हेत. एखाद्या मुलीकडे बघून 'हिला होणार' असं त्यावरून कुणालाही सांगता येत नाही. पानं फाडणाऱ्या मुली माझ्या ओळखीत भरपूर आहेत, बहुतेक जेवतात झकास.

मी माझ्याकडे येणाऱ्या आयांना सांगते ते सांगते. उंची आणि वजन बालरोगतज्ज्ञांकडे तक्त्यावर नोंदवून घ्या, घरी काटा आणू नका. तक्त्यावरची तिची रेघ अचानक खाली वळली तर थांबू नका, वजन 'नॉर्मल' दिसत असलं तरी. घरात कुणाच्याही अंगाबद्दल बोलणं बंद, कौतुकाचंसुद्धा. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्य तर आत्याबाईंनाही परवानगी नको. आणि पान फाडण्यात रोज तास जायला लागला, रडारड व्हायला लागली, तर बालमानसतज्ज्ञांना आत्ताच दाखवा. तो चिंतेचा इलाज असेल, खाण्याचा नव्हे, आणि या वयात तो चांगला लागू पडतो.

वाचून गप्प बसणाऱ्यांसाठी: मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

जुनी_सायकल:
सगळं वाचलं. धपाट्याचं मागे घेतो. माझ्या धाकट्या बहिणीचं १९७८ साली काहीतरी असंच झालं होतं, आम्ही तिला सासरचा जाच म्हणालो. आता ती नातवंडांत रमलीय, पण जेवते अजून घड्याळावरच. एवढी वर्षं गेल्यावर हे पूर्ण जातं का हो कुणाचं?

चुंबकसूची:
काका, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं बायकांचा वीस-बावीस वर्षं पाठपुरावा केला, २०१७ मध्ये छापून आला. ॲनोरेक्सियातल्या साधारण ३१ टक्के नऊ वर्षांनी बऱ्या होत्या. बावीस वर्षांनी ६३ टक्के. बुलिमियात नऊ वर्षांनीच ६८ टक्के, आणि नंतरही आकडा तोच. म्हणजे ॲनोरेक्सियात दुसऱ्या दशकातही माणसं बरी होत राहतात. बहिणीला घड्याळावर जेवू द्या.

ताळेबंद:
@जुनी_सायकल काका, त्यांना माझा नमस्कार सांगा. कारण नका सांगू.

@वरणफळ, शेवटचा प्रश्न आणि मग हा धागा मी सोडते. सासरी हरतालिका निर्जळी करतात. इतकी वर्षं काही ना काही निमित्त काढून मी मिरजेला गेले नाही. यंदा सासूबाईंची शेवटची म्हणून उद्यापन आहे, जाणं भाग आहे. एका दिवसानं काय होतंय, असं मलाही वाटायला लागलंय, आणि तेच मला खटकतंय.

वरणफळ:
खटकतंय ते बरोबर खटकतंय. ज्यांना हा आजार होऊन गेलाय त्यांना मी एक दिवसाचाही उपास देत नाही, निर्जळी तर नाहीच. वर चुंबकसूचींनी सांगितलेली ती शांतता तुम्हाला ओळखीची आहे, तिला पुन्हा घरात घेऊ नका. पूजा करा, जागरण करा, गाणी म्हणा. जेवण आपल्या वेळेला, स्वयंपाकघरात, दार लोटून. नवऱ्याला सोबत बसवा. कुणी विचारलंच तर 'डॉक्टरांनी गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका म्हटलंय' एवढं पुरे. पित्ताचं कारणही चालतं, रानजाईंकडून उसनं घ्या.

ताळेबंद:
गोळ्यांचं सांगितलं सासूबाईंना. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'चिठ्ठीवर लिहून आण. मोठ्या जाऊबाईंनाही शुगर आहे, त्यांनापण ऐकवता येईल.' उद्या डॉक्टरांकडे जाते.